रफचे पान : दूरशिक्षणातील भौतिकशास्त्राचा एक मागोवा

२०२०-२१ हे वर्ष. लाखनीत अकरावीचे वर्ग मोबाइलवर भरत होते. वर्ग म्हणजे काय, तर मी घरात फळ्यासमोर उभी राहून व्हिडिओ करायचा, तो ग्रुपवर टाकायचा आणि मुलांनी रात्री, नेट बरे चालू लागले की, गृहपाठाचे फोटो पाठवायचे. प्रकरण होते प्रतलातील गतीचे. मी एक नेहमीचे गणित दिले होते, फक्त त्यात आपल्याकडची नदी घातली होती. वैनगंगेचे पात्र ८०० मीटर रुंद आहे असे धरा. प्रवाह ताशी ३ किलोमीटर. स्थिर पाण्यात डोंगा ताशी ४ किलोमीटर चालतो. डोंग्याचे टोक सतत समोरच्या काठाकडे काटकोनात ठेवले, तर पलीकडे पोचायला किती वेळ लागेल?

एका मुलाचे उत्तर आले : ९.६ मिनिटे. सुबक अक्षर, दोनच ओळी. तीन आणि चारच्या वर्गांची बेरीज पंचवीस, त्याचे वर्गमूळ पाच, ०.८ भागिले ५ म्हणजे ०.१६ तास. बरोबर उत्तर १२ मिनिटे. मी लाल फुली मारून फोटो परत पाठवणार होते. मग विचारले, आकृती कुठे आहे? तो म्हणाला, "रफमध्ये आहे, मॅडम." म्हटले, रफच पाठव.

आला तो फोटो एका जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या पाठीमागचा होता. त्यात सगळे होते. प्रवाहाचा बाण बरोबर, डोंग्याचा बाण बरोबर, दोहोंची तिरकी बेरीज बरोबर. फक्त त्या तिरक्या रेषेच्या शेजारी त्याने ८०० मी. असे लिहिले होते. नदीची रुंदी सरळ काठापासून काठापर्यंत मोजायची असते, आणि डोंगा तर तिरका जातो. तिरका मार्ग पूर्ण एक किलोमीटरचा. तो ताशी ५ च्या वेगाने कापायचा, म्हणजे तेच १२ मिनिटे. मुलाला सदिश राशींची बेरीज येत नव्हती असे मुळीच नाही. आकडा एका चुकीच्या रेषेवर जाऊन बसला होता, एवढेच. पक्क्या वहीत याचा मागमूस नव्हता. रफच्या पानावर ते दहा सेकंदांत दिसले.

भौतिकशास्त्र दुरून शिकवण्याचा इतिहास मी तेव्हापासून वाचते आहे. वाचताना एकच प्रश्न मनात धरते : त्या त्या व्यवस्थेत विद्यार्थ्याचे रफचे पान कोणाला दिसत होते?

या इतिहासात सुरुवातीलाच एक गंमत आहे. आपल्या देशात पत्राद्वारा शिक्षणाचा पाया ज्या समितीने घातला, तिचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंग कोठारी हे पदार्थविज्ञानाचे माणूस. श्वेतबटू ताऱ्यांवर काम केलेले, त्या काळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असलेले. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. तो बी.ए.चा होता. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने आखलेल्या योजनेत पदार्थविज्ञानाला पहिली काही वर्षे जागा नव्हती. कारण उघड आहे. धडा पाकिटात घालता येतो, प्रयोगशाळा घालता येत नाही. पुढे १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालात तर १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील निदान एकतृतीयांश विद्यार्थी पत्रद्वारा आणि सायंकालीन वर्गांतून शिकावेत अशी अपेक्षा मांडली गेली. स्वप्न मोठे होते. पण 'प्रयोगशाळा कशी पाठवायची' या प्रश्नाने विज्ञानशाखा इतकी अडली, की 'गणित सोडवताना मुलाचा हात कोण धरणार' हा दुसरा प्रश्न मागेच राहिला, असे मला वाटते. दुर्बीण, लंबक, मीटरब्रिज नसणे डोळ्यांना दिसते. कोणी शेजारी नसणे दिसत नाही.

त्याच १९६६ साली एक कमी गाजलेला पण शहाणा प्रयोग सुरू झाला. भोपाळ, अजमेर, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांनी नोकरीत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांसाठी बी.एड. सुरू केले : उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयात राहून वर्ग आणि बाकी वर्षभर टपालाने धडे. महाराष्ट्र भोपाळच्या विभागात होता. आज ज्याला आपण संमिश्र अध्ययन म्हणून नव्याने ओवाळतो, ते हेच. फक्त तेव्हा मधले माध्यम पोस्टमन होता. उन्हाळी वर्गातून परतलेल्या शिक्षकाला पाकिटावरचा पत्ता हा एक चेहरा म्हणून ठाऊक असे. पत्रात काय विचारायचे आणि काय विचारायला लाजायचे नाही, हे त्या ओळखीवर ठरते. मी स्वतः हे नंतर पुष्कळदा पाहिले आहे.

टपालाने प्रयोगशाळा पाठवता येत नाही हे म्हणणे मात्र इंग्लंडने खोटे पाडले. तिथल्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. विज्ञानाच्या पायाभूत अभ्यासक्रमासाठी विद्यार्थ्यांच्या घरी प्रयोगसाहित्याच्या पेट्या जात. त्यात लहानसा सूक्ष्मदर्शकही असे. लोकांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर प्रयोग केले. दूरचित्रवाणीवर पहाटे आणि रात्री व्याख्याने लागत. याचे कौतुक जगभर झाले आणि ते रास्तच होते. पण त्या व्यवस्थेतल्या दोन साध्या गोष्टी मला पेटीपेक्षा मोलाच्या वाटतात. एक म्हणजे सक्तीचा उन्हाळी आठवडा. दुसरी, स्वाध्यायांचे दोन प्रकार : काही संगणक तपासे, काही माणूस. माणसाने तपासायच्या स्वाध्यायात शिक्षकाने गुण देऊन थांबायचे नसे. समासात लिहिलेला शेरा हाच त्याचा तास, अशी अपेक्षा असे. १९७१ मध्ये संगणक बरोबर-चूक ओळखत होता. अर्धवट बरोबर कुठवर बरोबर, हे ओळखायला माणूस ठेवला होता.

आमच्या लाखनीवरून जाणारा नागपूर-रायपूर रस्ता पूर्वी सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता त्रेपन्न नंबरचा आहे. या रस्त्याच्या पूर्वेकडच्या टोकाला १९७५ मध्ये एक मोठी गोष्ट घडली, आणि आमच्या भागाला तिचा वाराही लागला नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवले गेले. 'साइट' या नावाने तो प्रयोग ओळखला जातो. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. मध्य प्रदेश होता, आणि त्याचा गट रायपूरचा. शेती, आरोग्य यांविषयीच्या कार्यक्रमांबद्दल बरेच लिहिले गेले आहे. मला भावतो तो त्याच काळात झालेला विज्ञानशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा भाग. प्राथमिक शाळांतील हजारो शिक्षकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले. त्यात उपग्रहावरून आलेला कार्यक्रम होता, रेडिओ होता, छापील पुस्तिका होती, आणि प्रत्येक केंद्रावर हाताने प्रयोग करवून घेणारा एक स्थानिक मार्गदर्शक होता. चित्र दिसले की तो ते बंद करून विचारायचा, तुमच्या गावातल्या वस्तूंनी हे कसे कराल? उपग्रह कोट्यवधींचा, आणि त्याला पूर्ण करणारा माणूस तालुक्याचा. आखणी करणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होते, हे महत्त्वाचे. नंतरच्या काळात आपण उपग्रह ठेवला आणि तालुक्याचा माणूस वगळत गेलो.

आता महाराष्ट्राकडे. डॉ. राम ताकवले यांचे नाव आज मुक्त विद्यापीठाशी जोडले जाते. पण माझ्या पिढीच्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना ते आधी पुस्तकाच्या कव्हरवर भेटले. ताकवले आणि पुराणिक यांचे अभिजात यामिकीवरचे इंग्रजी पाठ्यपुस्तक घेऊन आम्ही रात्र रात्र गणिते सोडवली आहेत. ग्रहांच्या कक्षा, फिरत्या चौकटीतले आभासी बल, लॅग्रांजची समीकरणे. पुणे विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस १९७८ ते १९८४ या काळात तिथला कुलगुरू झाला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचा पहिला कुलगुरू झाला, आणि पुढे १९९५ ते १९९८ इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा. कोठारींनंतर दुसऱ्यांदा दूरशिक्षणाची घडी बसवायला पदार्थविज्ञानाचाच माणूस आला. हा योगायोग असेल. पण ज्याने आयुष्यभर इतरांना गणिते घातली, त्याने व्यवस्थेत कोणते शब्द आणले ते पाहण्यासारखे आहे.

नाशिकच्या विद्यापीठाने शब्दांची एक टाकसाळच उघडली. अभ्यासक्रमाला शिक्षणक्रम, भेटीला संपर्कसत्र, जागेला अभ्यासकेंद्र, आणि शिकवणाऱ्याला समंत्रक. सुरुवातीला आम्ही हसलो. समंत्रक म्हणजे मंत्र म्हणणारा की काय! पण अध्यापक म्हटले की जो समोर उभा राहून सांगतो तो, आणि समंत्रक म्हणजे ज्याच्याशी बसून सल्लामसलत करायची तो, हा फरक त्या शब्दात पुरता मुरलेला आहे. पुस्तिका घरी वाचून यायच्या, अभ्यासकेंद्रावर अडलेले विचारायचे. आजच्या परिभाषेत त्याला उलटा वर्ग म्हणतात. 'ज्ञानगंगा घरोघरी' या ब्रीदातली गंगा घरी पोचेलही. ती घोटभर पिताना ठसका लागला, तर पाठीवर हात फिरवायला समंत्रक होता.

तरीही या विद्यापीठाचा सुरुवातीचा जोर शेती, कला, वाणिज्य आणि शिक्षकप्रशिक्षण यांवर राहिला. मला त्यात चूक दिसत नाही. ज्यांना कोणीच शिकवत नव्हते त्यांच्याकडे आधी जायचे ठरले होते. पण परिणाम असा झाला, की आमच्या पूर्व विदर्भातल्या ज्या मुलाला नोकरी सांभाळून भौतिकशास्त्र घेऊन पदवी हवी होती, त्याला नव्वदच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडे पाहावे लागे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तिका मी आजही कोणालाही द्यायला तयार आहे. धड्याच्या मधोमध प्रश्न येतो, आणि समासात तो सोडवायला किती मिनिटे द्यायची तेही छापलेले असते. उत्तर घटकाच्या शेवटी. घाईने पुढे गेलात तर पुस्तिकाच खांद्यावर हात ठेवून थांबवते. छापील कागदाने शिक्षकाचे काम याहून जास्त करणे कठीण. प्रयोगांसाठी ठरावीक दिवस केंद्रावर सलग हजर राहायचे. पण पुस्तिकेला एक गोष्ट जमत नाही. विद्यार्थ्याने पाच मिनिटे दिली, सोडवले, शेवटी उत्तर पाहिले आणि ते जुळले नाही, की पुढे काय? तो उत्तरापासून मागे चालत येतो आणि आपले रफचे पान फाडून टाकतो.

मी स्वतः काही वर्षे दूरशिक्षणाचे स्वाध्याय तपासले. विद्यापीठाचे नाव इथे महत्त्वाचे नाही. गठ्ठे येत. एका गठ्ठ्यात बारा जणांनी एकाच गणितात एकच चूक एकाच ओळीत केली होती, अगदी खोडाखोडीसकट. माझी चीड झाली, पण मग लक्षात आले की यांच्यापैकी कितीतरी जण केंद्रापासून ऐंशीएक किलोमीटरवर राहतात. एक एसटी चुकली की दिवस गेला. त्यांनी एकमेकांचे उतरवले म्हणजे त्यातल्या त्यात जवळ असलेल्या माणसाकडे गेले. मी सगळ्यांना सारखे गुण दिले आणि प्रत्येकाच्या समासात वेगळा प्रश्न लिहिला. वह्या परत गेल्या. उत्तरे आली नाहीत. त्या व्यवस्थेत वही एकदाच प्रवास करत असे.

भाषेचा मुद्दा इथेच येतो, आणि तो आमच्या भागात फार टोचतो. झाडीपट्टीतला मुलगा घरी झाडीबोली बोलतो, शाळेत दहावीपर्यंत मराठी पाठ्यपुस्तक वाचतो आणि अकरावीला भौतिकशास्त्र एकाएकी इंग्रजीत उतरते. मराठी परिभाषाही सोपी नाही. पाठ्यपुस्तकात चाल वेगळी आणि वेग वेगळा. घरी कोणी बैलाची चाल पाहते आणि गाडीचा वेग म्हणते, दोन्हींत दिशेचा प्रश्नच नसतो. कार्य म्हटले की लग्नकार्य. डोक्यावर भाताचे पोते घेऊन सपाट बांधावरून अर्धा कोस चाललेल्या बाईने भौतिकशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे त्या पोत्यावर उचलण्याच्या बलाने शून्य कार्य केले, हे मी वर्गात सांगते तेव्हा मुले हसतात, आणि मुली हसत नाहीत. समोर बसलेल्यांना मी ते पाच मिनिटांत समजावते. पुस्तिका एकटा वाचणारा त्या ओळीवरून पुढे जातो आणि मनात ठरवतो, की हा विषय आपल्या माणसांचा नाही.

१९७४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने हा प्रश्न फार लवकर ओळखला होता. डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. पाठ्यपुस्तकाची भाषाच मुलांच्या वाटेत आडवी येते, आणि ती सोपी केली की विज्ञानातली समज सुधारते, हे त्यांच्या गटाने दाखवून दिले. दूरशिक्षणाच्या साहित्यात या निष्कर्षाला जेवढी जागा मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही, असे माझे मत आहे. समोर शिक्षक असेल तर तो वाईट वाक्य दुरुस्त करून सांगतो. दुरून शिकणाऱ्याला ते वाक्य जसेच्या तसे गिळावे लागते.

समोर शिक्षक असला म्हणजे सगळे साधते असेही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९९२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड हेस्टीनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनेची एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात गणित नाही, सूत्र नाही. वर फेकलेल्या दगडावर वर जाताना कोणती बले असतात, असे प्रश्न. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतील ६५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र केले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत शक्य तेवढ्या सुधारणेपैकी सरासरी ०.२३ भाग सुधारणा झाली. जिथे मुले बोलत, वाद घालत, लगेच दुरुस्त होत शिकली, तिथे ०.४८. म्हणजे समोर बसून नुसते ऐकणाराही दूरशिक्षणच घेत असतो. त्याचे अंतर बाकापासून फळ्यापर्यंतचे, एवढाच फरक. माझ्या तीसेक वर्षांच्या नोकरीतली निदान पहिली दहा वर्षे मी असेच दूरशिक्षण दिले आहे.

यानंतर तंत्रज्ञानाची रांग लागते. १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवर सुरू झाला. २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह सुटला. २०१७ मध्ये 'स्वयं' आले. आभासी प्रयोगशाळा आल्या. कोलोरॅडो विद्यापीठातून कार्ल वाइमन यांनी सुरू केलेली 'फेट'ची अनुरूपणे आता मराठीतही उघडतात. प्रत्येक टप्प्यावर जाणारी वाट रुंद झाली. येणारी वाट बराच काळ पायवाटच राहिली. २०२१ च्या मे महिन्यात अनुदान आयोगाने संमिश्र अध्यापनाचा आराखडा मांडला. प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, उरलेला प्रत्यक्ष. आकड्यावर बरीच चर्चा झाली. त्याआधी, २०१० मध्ये, अमेरिकेच्या शिक्षण खात्याने केलेल्या पाहणीत संमिश्र पद्धतीचे विद्यार्थी निव्वळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा थोडे पुढे दिसले होते. पण त्याच अहवालात सावधगिरीचे वाक्य होते : या विद्यार्थ्यांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्यही मिळाले होते, तेव्हा श्रेय माध्यमाला देऊन मोकळे होऊ नये. जास्त वेळ. चाळीस की साठ या वादात तो कोणाच्या पदरी घालायचा, हे अजून ठरलेले नाही. आमच्याकडे वीज, नेट आणि घरात एकच फोन या तिन्हींतून उरलेला वेळ तो अभ्यासाचा.

कॅलेंडरमागच्या त्या फोटोनंतर मी ग्रुपवर नियम बदलला. पक्के उत्तर नको, रफच पाठवा. खोडलेले खोडू नका. पहिला आठवडा कोणी पाठवले नाही. मुलांना आपले रफ दाखवणे म्हणजे पसरलेले घर दाखवण्यासारखे वाटते. मग एका मुलीने पाठवले, पाठोपाठ इतरांनी. पिठाच्या पिशवीची आतली बाजू, लग्नपत्रिकेची मागची बाजू, एकदा तर अंगणात खडूने काढलेली आकृती. मी त्यावर बोटाने गोल करून एवढेच विचारायची, इथे काय वाटले होते? माझा तपासण्याचा वेळ तिप्पट झाला. मोजून सांगते, कारण संमिश्र अध्ययनाच्या आराखड्यात हा वेळ कोणाच्या कार्यभारात धरलेला नसतो. साठ मुले, रोजचे एक गणित, रात्री साडेअकरा.

डोंग्याचे गणित सोडवणारा तो मुलगा दोन दिवसांनी परत आला. बारा मिनिटे त्याला पटली होती. डोंगा ६०० मीटर खाली लागतो हेही त्याने काढले होते. पण त्याचे आजोळ वैनगंगेच्या काठचे, आणि आजोबांनी उमेदीत डोंगा चालवलेला. त्याने त्यांना फोन करून गणित सांगितले होते. आजोबा म्हणाले, टोक समोर कोण ठेवते? आम्ही वरच्या अंगाला धरतो, तेव्हा कुठे समोर लागते. मुलाचा प्रश्न होता, मॅडम, मग किती वर धरायचे?

हे पुस्तकातले पुढचे गणित. ते मी अजून दिलेले नव्हते. मी फक्त आकृती काढ म्हटले. रात्री फोटो आला. ताशी ४ चा बाण आता तिरका, प्रवाहाविरुद्ध झुकलेला, आणि बेरीज सरळ समोर. सोळातून नऊ वजा, सातचे वर्गमूळ, ताशी सुमारे २.६५ किलोमीटर. तीन ओळी खोडलेल्या, मग खाली उत्तर : सुमारे १८ मिनिटे. आणि पानाच्या कोपऱ्यात, मला नव्हे तर बहुधा स्वतःलाच उद्देशून लिहिलेले : प्रवाह ताशी ४ झाला तर?